पळसपापडी आणि कोंबड्यांचे जंत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील कंपू हे नाव छावणीवरून पडले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या फौजेने लष्करात तळ दिला आणि मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली. अशा एखाद्या घरी परसात दहा-बारा कोंबड्या असाव्यात, तलंगांचे तुरे फिके पडावेत, दाणा खाऊनही अंग धरू नये आणि विष्ठेत पांढरे, तीन-चार इंच लांबीचे जंत दिसावेत. त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांना हमखास आठवते ती पळसपापडी.

ही आठवण निराधार नव्हे. पळसाच्या शेंगेत टोकाशी एकच चपटे, तांबूस बी असते. आयुर्वेदाने ते कृमिघ्न मानले आहे. त्यातील पॅलासोनिन या द्रव्याचा गोल जंतांवर परिणाम होतो, हे प्रयोगांतही दिसून आले आहे. परंतु हे द्रव्य कँथरिडिन या दाहक विषाच्या जवळचे आहे. म्हणून 'झाडपाला आहे, बाधणार नाही' ही समजूत घातक ठरते. बियांतील द्रव्याचे प्रमाण सारखे नसते. अंदाजाने दिलेली चिमूट एका पाखराला अपुरी, तर दुसऱ्याला जास्त होते.

शिवाय सर्व जंत एका जातीचे नसतात. चपटे जंत माशा, मुंग्या व भुंगेरे यांच्याद्वारे पोटात शिरतात. गोल जंतांची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात, ओल व ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत बाधक होतात आणि महिनोन्महिने टिकतात. औषध पोटातील जंत पाडील. जमिनीवरील अंड्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. आज पाडलेला जंत महिन्या-दोन महिन्यांनी परततो तो याच कारणाने, आणि दोष मात्र औषधाला लागतो.

यास्तव प्रथम विष्ठा पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावी आणि औषध त्याच्या सल्ल्यानेच द्यावे. अंडी किती दिवस खाऊ नयेत, हेही विचारावे. खुराड्यातील ओला भुसा वरचेवर काढावा, जमीन उन्हात वाळू द्यावी, दाणा भांड्यात घालावा, आणि पिले मोठ्या कोंबड्यांपासून निराळी राखावीत. तीन महिन्यांच्या आतील पिलांनाच जंतांचा उपद्रव अधिक. हिरवा पाला खाण्यात असावा. अ जीवनसत्त्व कमी पडले की पाखराची प्रतिकारशक्ती खचते.

पळस उपकारक आहे खरा. पण कोंबडीचे आरोग्य राखण्याचे निम्मे काम खराट्याचे आहे.