द. सा. द. शे.

(मंडळाच्या वर्धापनदिनी विद्यार्थ्यांसाठी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. मी अर्थशास्त्रावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, या तीन ओळी रोज वहीत मांडणारी बाई दुसरे काय करते? आज मी एकाच विषयावर बोलणार आहे. तो म्हणजे व्याज.

शाळेत आम्हाला द. सा. द. शे. शिकवीत, दर साल, दर शेकडा. म्हणजे शंभर रुपयांवर वर्षाचे व्याज. बँक याच भाषेत बोलते. खाजगी सावकार "तीन टक्के" म्हणतो, तेव्हा ते बहुधा महिन्याचे असतात. ऐकणाऱ्याला वाटते, बँकेच्या बारा टक्क्यांपेक्षा हे स्वस्तच! मांडून पाहा. 10,000 रुपयांवर महिन्याला 300, वर्षाला 3,600. म्हणजे द. सा. द. शे. 36. बँकेच्या तिप्पट!

हे व्याज थकून दरमहा मुद्दलात मिसळत गेले, तर दोन वर्षांत 10,000 चे 20,328 होतात. याचा एक सोपा आडाखा आहे. 72 ला वार्षिक दराने भागा. साधारण तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. छत्तीस टक्क्यांचे कर्ज दोन वर्षांत दुप्पट, आणि सहा टक्क्यांची ठेव बारा वर्षांत. म्हणून महागडे कर्ज डोक्यावर असेल तर आधी ते फेडावे, मग ठेवीचा विचार करावा.

आता मोबाईलवर घटकेत कर्ज मिळते. समजा, कोणी 5,000 मंजूर केले, 500 "खर्च" म्हणून आधीच कापले, आणि महिन्याने 5,000 परत मागितले. हाती आले 4,500, त्यावर 500 दिले. शेकडा अकरा रुपये झाले, तेही एका महिन्याचे! 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की, सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर कर्जदाराला पत्रकात लिहून द्यावा. ते पत्रक आधी मागा, मग सही करा.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, कर्जरोखे जाळले. त्यांतल्या कितीजणांना आपण अंगठा उठवलेला कागद वाचता येत नव्हता. तुम्हाला वाचता येते. न वाचता सही करणे तुम्हाला शोभणार नाही. परवान्याशिवाय सावकारी करणे आपल्या राज्यात 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

बचतीचेही थोडे सांगते. आपल्या जिल्ह्यात गावोगाव दुधाचे बिल दहा दिवसांनी हाती येते. शहाणी बाई पेंडीचे पैसे आणि शिलकीचे पैसे त्याच दिवशी वेगळे काढते. उरेल ते टाकीन म्हटले तर काही उरत नाही. मुलांनीही खाऊच्या पैशांचे असेच करावे. दहा वर्षांवरील मुलाला पोस्टात 500 रुपयांनी स्वतःच्या नावाचे खाते उघडता येते. डब्यातले पैसे मात्र महागाई खाते. शंभराची वस्तू वर्षाने 105 ला झाली, तर डब्यातल्या शंभरात ती येत नाही.

जादा व्याज कोणी देऊ केले, तर आधी मुद्दलाची चौकशी करा. बँकेतील ठेवीला 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेतील ठेवीला तो नाही, आणि आपली भिशी तर निव्वळ विश्वासावर चालते. हा फरक ध्यानात ठेवून पैसे ठेवावेत.

शेवटी मातांना एक विनंती. घरावरचे कर्ज मोठ्या मुलांपासून लपवू नका. त्यांना वही दाखवा. आणि उद्या एखाद्या मुलाने गुपचूप कर्ज काढून घरी सांगितले, तर रागावण्याआधी पाटावर बसून त्याच्याबरोबर हिशेब मांडा. सांगायला भिणारे मूल पहिले कर्ज फेडायला दुसरे काढते, आणि व्याज काही कोणासाठी थांबत नाही.