शेजारी बसणारा ग्रंथपाल
(मिशन रविवारच्या सभेत केलेले भाषण)



प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 8व्या अध्यायातला कूशी अधिकारी आपल्याला ठाऊक आहे. यरुशलेमेहून परतताना तो रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत होता. वाचतोस ते समजते काय, असे फिलिप्पाने त्याला विचारले. कोणी वाट दाखवल्यावाचून कसे समजणार, असे म्हणून त्याने फिलिप्पाला रथात आपल्या शेजारी बसवले. आज मी मेळघाटातल्या आपल्या मुलांविषयी बोलणार आहे. हा प्रसंग मला तिथे वारंवार आठवतो.

धारणी तालुक्यातले कोरकू मूल शाळेत येते तेव्हा पाण्याला ‘डा’ म्हणते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीचे कुळ वेगळे. म्हणजे शाळेतली मराठी हीच त्याला नव्याने शिकावी लागते. त्यातच 2000 सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. शहरातले मूल मराठीचा हात धरून इंग्रजीकडे जाते. या मुलाचा तो हातच अजून पक्का झालेला नसतो.

आमच्या वसतिगृहातल्या आठवीच्या एका मुलाने मला इंग्रजीचा धडा न अडखळता वाचून दाखवला. मी खूश झाले. मग सहज विचारले, “यात कोण कुठे गेले रे?” तो मान खाली घालून उभा राहिला. त्याला एक वाक्यही कळले नव्हते. तो पाठांतरात वर्गात पुढे होता, म्हणूनच इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. दहावीच्या परीक्षेत मात्र ते लक्षात आले असते, आणि तेव्हा फार उशीर झाला असता.

त्या संध्याकाळी मी आमच्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभी राहिले. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. पुस्तके फाटली, हरवली तर देणगीदारांना काय सांगायचे, ही माझी भीती. तीन वर्षांत एकही पुस्तक हरवले नव्हते, कारण एकही वाचले गेले नव्हते. धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला मी मुलांना कितीदा सांगितला आहे! तो दास मीच होते.

आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली पाच नियम मांडले. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा त्यांतला पहिलाच नियम. मग शाळेच्या ग्रंथपालांना विचारून आम्ही कामाला लागलो. जिथे ग्रंथपाल नाही तिथे शिक्षक किंवा वसतिगृहाची ताईही हे करू शकते.

पहिले काम म्हणजे कपाट उघडणे. पुस्तकांची पाठ नव्हे, मुखपृष्ठ दिसेल अशी ती दोरीवर टांगली. मूल आधी चित्राकडे येते, मग अक्षराकडे.

दुसरे, रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवणे. आधी एखादी मोठी मुलगी गोष्ट कोरकूत सांगते. मग ग्रंथपाल तेच पुस्तक चित्रावर बोट ठेवत इंग्रजीतून वाचतात. एकच वाक्य पुन्हा पुन्हा येणारी पुस्तके यासाठी उत्तम. तिसऱ्या दिवशी मुले ते वाक्य स्वतःच म्हणू लागतात.

तिसरे, मुलाला पेलेल असे पुस्तक देणे. यासाठी पाच बोटांची सोपी युक्ती आहे. कोणतेही पान उघडायचे आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे. मूठ बंद झाली तर ते पुस्तक आज ठेवून द्यायचे आणि सोपे घ्यायचे. आठवीच्या मुलाने दुसरीचे पुस्तक घेतले तरी कोणी हसायचे नाही.

चौथे, मुलांनीच पुस्तके तयार करणे. मोहाची फुले वेचायला आजीबरोबर गेल्याची हकिकत एका मुलीने सांगितली. तिने चित्रे काढली. आम्ही खाली कोरकू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन ओळी लिहिल्या आणि पाने शिवून घेतली. आपली भाषा पुस्तकात आलेली पाहून ते मूल परक्या भाषेला कमी घाबरते.

आणि पाचवे, धीर धरणे. नवी भाषा शिकणारे मूल कित्येक महिने नुसते ऐकते. ते गप्प असते म्हणून त्याला काही येत नाही, असे समजू नये. प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारायला गेलो तर ते तोंडच उघडणार नाही.

आता आपल्याकडे मागणे. आपण प्रेमाने पुस्तके पाठवता. परंतु जुनी गाइडे आणि जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या आमच्या मुलांच्या उपयोगी पडत नाहीत. मोठी चित्रे आणि पानाला दोन-तीन ओळी असलेली, शक्य तर मराठी-इंग्रजी द्विभाषिक पुस्तके द्या. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची अशी पुस्तके कमी किमतीत मिळतात. प्रथमच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर तर ती विनामूल्य वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. उन्हाळ्यात कोणी आठवडाभर येऊन मुलांशेजारी बसू शकत असेल तर फारच उत्तम. शिक्षणहक्क कायदा 2009 प्रमाणे प्रत्येक शाळेत ग्रंथालय असायला हवे. पण मुलाशेजारी बसायला माणूसच लागतो.

तो आठवीचा मुलगा आता नववीत आहे. इंग्रजीत त्याला अजून काठावरचेच गुण मिळतात. पण परवा तो लहान मुलांना घेऊन बसला होता. एक ओळ इंग्रजीत वाचायची आणि तिचा अर्थ कोरकूत सांगायचा, असे त्याचे चालले होते. मी दारातूनच परतले. त्या कूशी अधिकाऱ्याच्या गोष्टीतही शेवटी फिलिप्प निघून जातो आणि तो अधिकारी आनंद करत आपल्या वाटेने पुढे जातो.

कपाटाची किल्ली आता दाराजवळच्या खिळ्याला असते. या कामासाठी प्रार्थना करा. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.