सुइणीच्या हाताखालची पोर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलांनी काय वाचावे यावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी सांगणार आहे ते पुस्तक मात्र इंग्रजी आहे. धाकट्या लेकीने रोज दुपारी थोडेथोडे मराठीत सांगितले आणि मी तांदूळ निवडता निवडता ऐकले.

जुन्या काळच्या गोष्टी म्हटल्या की किल्ले, घोडे, तलवारी आल्या. त्यांत शूर होतो तो मुलगा. मुलगी असलीच तर राजकन्या, सोडवणाऱ्याची वाट पाहणारी. कॅरेन कुशमन या अमेरिकन लेखिकेने मध्ययुगातल्या इंग्लंडमधल्या साध्यासुध्या मुली निवडल्या. त्यांचे पहिले पुस्तक १९९४ साली निघाले तेव्हा बाईंनी पन्नाशी ओलांडली होती, हे आपण चाळिशीतल्या बायकांनी ध्यानात ठेवावे! त्यात १२९० सालची एक मुलगी आहे. बाप पैसेवाले स्थळ शोधतो आणि ही एकेका नवरदेवाला युक्तीने पळवून लावते.

मला अधिक भावले ते १९९५ सालचे ‘द मिडवाइफ्स अप्रेंटिस’, म्हणजे सुइणीच्या हाताखालची पोर. १९९६ साली त्याला न्यूबेरी पदक मिळाले. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांना मिळणारा हा मोठा मान आहे.

त्यातल्या पोरीला आई नाही, बाप नाही, नावसुद्धा नाही. थंडीत ऊब मिळावी म्हणून ती शेणखताच्या ढिगाऱ्यात निजते. गावातली पोरे तिला शेणकिडा म्हणतात. एक तोंडाळ, लोभी सुईण तिला पोटापुरत्या अन्नावर राबवून घेते, पण विद्या देत नाही. पोर खिडकीतून पाहून पाहून शिकते. जत्रेत कोणी तरी तिला चुकून ॲलिस म्हणते, तेच नाव ती ठेवून घेते. आपण बाळाच्या बारशाला किती हौसेने जमतो! या पोरीने आपले बारसे आपणच केले.

पुढे एक अडलेली बाई मुद्दाम हिलाच बोलावते. पण हिच्याने बाळंतपण होत नाही, शेवटी सुइणीला हाक मारावी लागते. लाजेने ॲलिस गाव सोडते आणि एका खाणावळीत कामाला राहते. तिथे एक विद्वान गृहस्थ मांजराला शिकवल्याचा बहाणा करून तिला अक्षरे शिकवतात. एके दिवशी सुईण तिथे येते. तिची तक्रार ॲलिसच्या कानी पडते : पोर चुकली याचा राग नाही, हातपाय गाळून पळाली याचा आहे. ॲलिस परत जाते. सुईण आधी दार उघडत नाही. ती निघते, पुन्हा येऊन दार ठोठावते, तेव्हा ते उघडते.

भगिनींनो, इतकीच गोष्ट. राजपुत्र नाही, खजिना नाही. पण मोठे होणे म्हणजे काय, ते मला यात दिसले. आपल्याकडे मुलगी दहावीला एकदा नापास झाली की आपण म्हणतो, पुरे झाले, आता स्थळ बघा. मुलगा नापास झाला तर त्याला पुन्हा फॉर्म भरायला लावतो. मुलीने दार एकदाच ठोठवायचे, हा नियम कोणी केला? पुष्कळदा आपणच, स्वयंपाकघरात बसून.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. शनिवारी दुपारी तासभर मुलामुलींना एकत्र बसवून अशा गोष्टी सांगाव्यात. मुलगेही ऐकू देत. ज्यांना इंग्रजी येते त्या मुलींनी मराठीत सांगाव्यात, आम्ही चहा-पोह्यांचे बघू. आणि ज्या घरी नापास झालेली मुलगी बसली आहे, तिला आधी बोलवावे. बोलवायला मी स्वतः जाईन.