उंदरांचा अल्सर आणि आमचे बाबा

आजचं रेकॉर्डिंग फणसवाडीतल्या आमच्या घरातूनच. मध्ये कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

बाबांच्या पोटात जळजळ व्हायची. गुडघ्यासाठी पेनकिलर चालू, बीपीची गोळी रोजची. त्यात व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आला : ज्येष्ठमधाने अल्सर बरा होतो, उंदरांवर सिद्ध झालंय! बाबांनी काष्ठौषधीच्या दुकानातून डबाभर आणलं. मी कोड लिहिणारा माणूस. 'सिद्ध झालंय' म्हटलं की आधी टेस्ट काय होती ते बघतो.

तर ती साधारण अशी होते. उंदीर उपाशी ठेवतात. एका गटाला वनस्पतीचा अर्क, एकाला नुसतं पाणी, एकाला आधीपासून माहीत असलेलं औषध. मग सगळ्यांना ॲस्पिरिन किंवा अल्कोहोल देऊन जठरात जखमा करतात. काही तासांनी उंदीर मारून त्या मोजतात. अर्कवाल्या गटात कमी निघाल्या, की टेस्ट पास.

लक्षात आलं का? अर्क आधी, जखम नंतर. आमचे बाबा उलटे, जखम घेऊनच आलेले! शिवाय माणसांतले बरेच अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे होतात. मार्शल आणि वॉरन यांना त्यासाठी 2005 चं नोबेल मिळालं. उंदरांच्या या टेस्टमध्ये तो जिवाणू नसतोच.

म्हणून टेस्ट फालतू आहे का? अजिबात नाही, ती पहिली पायरी आहे. इथे परळला केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी गुळवेल, शतावरी, आवळा वगैरे सहा वनस्पती प्राण्यांवर तपासल्या. 1999 च्या त्या पेपरमध्ये डोस माणसाच्या डोसवरून काढलाय. मला हे फार आवडलं. उंदराला बादलीभर पाजून काय कळणार?

ज्येष्ठमध तर माणसांपर्यंत पोचलेलं. 1946 मध्ये रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरने ते अल्सरच्या पेशंटना दिल्याचं मांडलं. फायदा दिसला, पण काहींच्या अंगावर सूज आली. पुढे त्यापासून कार्बेनोक्झोलोन हे औषध निघालं. त्यातही बीपी वाढणं, पोटॅशियम कमी होणं हे आलंच. जठरातल्या जखमा मोजताना उंदराचं बीपी कोण बघतं?

आणि बाबांना बीपी! मी डबा लपवला. "तू मला शिकवू नकोस," म्हणून दोन दिवस अबोला. मग एका सकाळी त्यांना डांबरासारखी काळी शौचाला झाली. असं झालं तर थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आत रक्तस्राव होत असू शकतो. एंडोस्कोपीत अल्सर दिसला, तो जिवाणूही सापडला. पेनकिलर बंद, 14 दिवस अँटिबायोटिक्स.

डबा अजून माळ्यावर आहे. काल बाबा हळूच म्हणाले, "खोकल्यापुरता तुकडा चघळला तर चालेल ना रे?" शुक्रवारी डॉक्टरांना विचारतो.