आधी ओल घालवा, मग रंग लावा
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



दिवाळीआधी आपण घर झाडतो, रंगवतो. अंगणातलं तुळशी वृंदावन मात्र शेवटावर राहतं. मग लग्नाच्या आदल्या दिवशी घरात उरलेला ऑइलपेंट घेऊन हात मारायचा, आणि संक्रांतीपर्यंत त्याचे पोपडे निघायचे.

आमच्या गटाचंही तेच झालं. गेल्या वर्षी सहा वृंदावनं रंगवायला घेतली. पाऊस नुकताच थांबलेला. घाईत ओल्यावरच रंग दिला. दिसायला झकास! दोन महिन्यांत चार वृंदावनांचा रंग सुटला. कुणी तोंडावर बोललं नाही, पण पैसे तर घेतले होते. बैठकीत ठराव केला आणि चारही पुन्हा फुकट रंगवून दिली. नफा त्यातच गेला.

चूक रंगाची नव्हती, ओलीची होती. तुळशीला आपण रोज पाणी घालतो. ते विटा-सिमेंटमधून बाहेर झिरपतं, सोबत खार आणतं. तोच पांढरा लोणा. वरून ऑइलपेंटनं कोंडलं की ओल रंगाला ढकलून बाहेर येते.

म्हणून आता आम्ही असं करतो:

१. तुळस वृंदावनात थेट न लावता कुंडीत लावून आत ठेवतो. रंगवायच्या वेळी कुंडी उचलून बाजूला ठेवता येते.

२. सुटलेला रंग आणि लोणा तारेच्या ब्रशनं खरवडतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून आधी पाणी शिंपडायचं, नाकाला रुमाल बांधायचा, पोरांना लांब ठेवायचं. खरवड अंगणात किंवा तुळशीच्या मातीत पडू द्यायची नाही.

३. दिव्याच्या कोनाड्यातली काजळी आणि तेल साबणाच्या पाण्यानं धुतो. तेलकट जागी रंग धरत नाही.

४. तीन-चार दिवस कडक ऊन देतो. चिरा पांढऱ्या सिमेंटनं भरून, वाळल्यावर पॉलिश पेपर मारतो.

५. बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात आणि बाहेरच्या भिंतीचाच पाण्याचा रंग दोन हात. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. नक्षी शेवटी. आतल्या बाजूला रंग नाही, कारण तुळशीची पानं आपण तोंडात घालतो.

रंग घेताना डबा वाचा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, असा २०१७ पासून नियम लागू आहे. तसं डब्यावर लिहिलेलं असतं.

लोखंडी फाटकाचं, कुंडीच्या स्टँडचं वेगळं. गंज काढून रेड ऑक्साइड लावा, मग ऑइलपेंट. तिथं तो चालतो.

कोजागिरी झाली की तुळशीच्या लग्नाला जवळपास चार आठवडे मिळतात. ज्या गटांना हे काम घ्यायचंय, त्यांनी तेव्हाच सुरुवात करा. आणि कुणी म्हणालं, "उद्याच करून द्या," तर सरळ सांगा, "काकू, आधी वाळू दे." एक काम कमी मिळालं तरी चालेल, पण गटाचं नाव गेलं तर ते परत मिळवायला लई वेळ लागतो.