धाक पायात नसतो



मी टेंभुर्णीचा. लहानपणी पोलिओ झाला. तेव्हापासून पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी. माझ्या पोरांनी जरा दंगा केला, की कुणीतरी म्हणतंच, 'बापाला पळता येत नाही, पोरांना धाक कसला असणार?'

पाच वर्षांचं पोर हट्ट करतं, दुकानात लोळण घेतं, हाक मारली की उलटं पळतं. धडधाकट आईबापांचीही पोरं तेच करतात. ते धावत जाऊन बखोट धरतात. आम्हाला ती सोय नाही, म्हणून आधीच ठरवून ठेवावं लागतं.

आमचं गाव पुणे-सोलापूर महामार्गावर. गळीत हंगामात उसानं शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. म्हणून 'थांब' हा शब्द आमच्या घरी फक्त धोक्यासाठी राखून ठेवलाय. जेवताना, खेळताना 'पुरे', 'बास' चालतं, 'थांब' नाही. अंगणात खेळता खेळता त्याचा सराव केला: 'थांब' ऐकलं, की जागीच पुतळा. रस्ता आला, की मुलगी कुबडीची आडवी दांडी मुठीत धरते. बघणाऱ्यांना वाटतं, लेक बापाला सांभाळतेय. तिला 'शहाणी गं बाई, बाबांची काठी' म्हणून मोठं करू नका. तिचं वय खेळायचं आहे.

एसटी स्टँडवर ती खाऊसाठी रडते. मी 'नाही' म्हणतो. तेवढ्यात शेजारचे काका बिस्किटांचा पुडा तिच्या हातात ठेवतात: 'बिचाऱ्याला त्रास देऊ नको गं.' त्यांची माया कळते, पण माझा शब्द तिथंच मोडतो. बाबांच्या 'नाही'वर कुणीतरी 'हो' म्हणतंच, हे लेकरू लगेच शिकतं. मदत करायची असेल, तर आधी मला विचारा.

अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं 2007 मध्ये स्वीकारला. त्याच्या 23व्या कलमात दोन गोष्टी आहेत. आईबापाच्या अपंगत्वावरून मूल त्यांच्यापासून तोडायचं नाही. आणि मूल वाढवताना अशा आईबापांना सरकारनं योग्य ती मदत करायची.

गावपातळीवर ही मदत फार खर्चाची नाही. पालकसभा जिना चढून वरच्या वर्गात भरवण्यापेक्षा तळमजल्यावर घ्या. अंगणवाडीच्या पायरीशेजारी उतार करा. पोराची तक्रार असेल, तर शेजाऱ्याकडे निरोप न धाडता थेट मला सांगा. पुढचं वळण लावायला मी आहे.