१९२ मतांची गोष्ट

(नवसाक्षर वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या मंगळवारी वर्ग सुटला, तेव्हा आपल्या तात्यांनी मला दारातच अडवले. म्हणाले, "गुरुजी, लाखांनी मतं पडत्यात. त्यात माझं एक असलं काय अन् नसलं काय?" मी म्हटले, "तात्या, याचे उत्तर उभ्या उभ्या देता येणार नाही. पुढच्या वेळी सगळ्यांसमोर देतो." म्हणून आज पुस्तक मिटून ठेवा. आज एका मतदारसंघाची गोष्ट ऐका.

हा मतदारसंघ लांबचा नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला सांगोला. दुष्काळी मुलूख. माण नदी तिथूनच वाहते, पण वर्षातले किती दिवस वाहते ते विचारू नका. खिलार जनावरांचा बाजार आणि डाळिंबाच्या बागा यांसाठी सांगोल्याचे नाव आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण तिथे बैल बघायला गेले असतील.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पुढे माणसांची आणि पक्षांची नावे येतील. कोण चांगला, कोण वाईट, हे मी सांगणार नाही. ही शाळा आहे, सभा नव्हे.

मतदारसंघ म्हणजे काय? आपल्या राज्याच्या विधानसभेत २८८ आमदार निवडून जातात. म्हणून साऱ्या महाराष्ट्राचे २८८ तुकडे पाडले आहेत. एका तुकड्यातून एकच आमदार. प्रत्येक तुकड्याला नंबर असतो. सांगोल्याचा नंबर २५३. तुकडे पाडताना लोकसंख्या बघतात, तालुक्याची शीव मोडावी लागली तर मोडतात. सांगोला मतदारसंघात सांगोला तालुका तर आहेच, पण पंढरपूर तालुक्यातली भाळवणीकडची गावेही आहेत. म्हणजे तहसील पंढरपूरला आणि मत सांगोल्याच्या आमदाराला. आपला तालुका कोणता हे माहीत असले, म्हणजे आपला मतदारसंघ माहीत झाला असे समजू नका.

आता आमदाराचे काम. गल्लीतला दिवा गेला, गटार तुंबले, तर ते काम ग्रामपंचायतीचे. आमदार कायदे करतो. सरकारने पैसा कुठे खर्च करावा, याला विधानसभेची मंजुरी लागते. टेंभू आणि म्हैसाळ या योजना घ्या. कृष्णेचे पाणी मोठमोठ्या पंपांनी वर उचलायचे आणि दुष्काळी तालुक्यांना द्यायचे. सांगोला तालुक्यातल्या काही गावांना ते मिळते. असे पाणी ग्रामपंचायतीच्या ठरावाने येत नाही. त्याला राज्याची तिजोरी उघडावी लागते, आणि त्यासाठी तिथे आपल्या भागाचे माणूस बोलावे लागते.

तर आता सांगोल्याची गोष्ट.

महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले. १९६२ साली राज्याची पहिली निवडणूक झाली. त्या वेळी सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख निवडून आले. वकिलीचे शिक्षण घेतलेला तरुण माणूस. १९६७ साली पुन्हा तेच. १९७२ साली मात्र लोकांनी त्यांना घरी बसवले. १९७४ साली पोटनिवडणूक झाली. मुदत संपण्याआधीच जागा रिकामी झाली, तर मधेच निवडणूक घेतात. तिला पोटनिवडणूक म्हणतात. तीत ते परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. दरवेळी गणपतराव. पक्ष तोच, मतदारसंघ तोच. मंत्री झाले तरी राहणी साधी, एस. टी.ने फिरणारा माणूस, असे त्यांच्याविषयी विरोधकही सांगत.

असा माणूस पडेल असे कुणाला वाटेल? मग १९९५ ची निवडणूक आली. समोर काँग्रेसचे शहाजीबापू पाटील होते. मोजणी झाली आणि गणपतराव पडले. किती मतांनी? १९२.

पाटीवर हा आकडा लिहा. एकशे ब्याण्णव.

१९२ माणसे म्हणजे किती? पन्नास माणसांची एक एस. टी. धरली, तर चार गाड्यासुद्धा पुऱ्या भरत नाहीत. आणखी एक हिशेब करू. जिंकणाऱ्याच्या बाजूच्या ९६ जणांनी शिक्का दुसऱ्याच्या नावावर मारला असता, तर बरोबरी झाली असती. बरोबरी झाली की कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकतात. आणि ९६ ऐवजी ९७ जणांनी मारला असता, तर निकालच उलटला असता. एका लग्नाला याहून जास्त माणसे जेवायला असतात.

त्या वेळी मी मास्तर होतो. आमची नेमणूक दुसऱ्या तालुक्यात मोजणीच्या कामावर झाली होती. तेव्हा मतदान कागदावर होते. उमेदवाराच्या चिन्हासमोर रबरी शिक्का मारायचा, कागदाची घडी घालायची आणि पेटीत टाकायचा. मोजणीला आम्ही कागद उलगडून गठ्ठे बांधत होतो. बाद मतांचा गठ्ठा वेगळा. माझ्या टेबलावर त्याचाच वीतभर ढीग झाला. कुणी दोन नावांवर शिक्के मारले होते. कुणी शिक्क्याऐवजी अंगठा उठवला होता. अंगठा म्हणजे मत बाद. एकाने तर चिन्हाशेजारी आपली सही केली होती, वळणदार अक्षरात. कुणाचे मत ते कळता कामा नये, म्हणून सही असलेला कागदही बाद. तो माणूस तुमच्यासारखाच नव्याने सही शिकला असावा, आणि त्याला आपली सही सरकारला दाखवायची असावी. मला तो कागद बाजूला टाकताना फार वाईट वाटले. ती माणसे उन्हात रांगेत उभी राहिली होती. त्यांच्या मनात कोण होते ते त्यांना ठाऊक, पण मोजणीत त्यांचे काहीच आले नाही.

दुसऱ्या दिवशी सांगोल्याचा आकडा कानावर आला, तेव्हा मला माझ्या टेबलावरचा तो ढीग आठवला.

पुढे काय झाले तेही सांगतो. १९९९ साली गणपतराव परत निवडून आले. मग २००४, २००९ आणि २०१४. पहिल्यापासून मोजा. अकरा वेळा होतात. २०१९ साली वयामुळे ते उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. समोर पुन्हा शहाजीबापू पाटील, या वेळी शिवसेनेकडून. मतदार तीन लाखांच्या आसपास. आणि शहाजीबापू जिंकले ते ७६८ मतांनी. २४ वर्षांनी पुन्हा तीच काट्याची लढत. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव वारले. २०२४ साली त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. ती लढत तिरंगी होती. पडलेल्या एकूण मतांच्या निम्मी मते कुणालाच मिळाली नाहीत. आपल्याकडे निम्मी मिळावीच लागतात असे नाही. सगळ्यांत जास्त ज्याची, तो आमदार.

कुणी म्हणेल, अशी काट्याची लढत सांगोल्यालाच होते. तसे नाही. राजस्थानात नाथद्वारा म्हणून गाव आहे. तिथे २००८ साली सी. पी. जोशी हे मोठे पुढारी एका मताने पडले. एका मताने, बरे का तात्या.

आता कागद गेले, यंत्र आले. बटन दाबले की झाले. अंगठ्याने बाद होण्याची भीती उरली नाही. पण वाचण्याचे काम संपले असे समजू नका, उलट वाढले आहे. यंत्रावर उमेदवारांची नावे मराठीत असतात. कधी कधी एकाच नावाची दोन-तीन माणसे उभी असतात. आडनावही तेच. मग बापाचे नाव वाचल्याशिवाय ओळखायचे कसे? बटन दाबल्यावर शेजारच्या पेटीच्या काचेतून एक चिठ्ठी दिसते. तिच्यावर नाव आणि चिन्ह असते. ती सात सेकंद दिसते आणि आत पडते. सात सेकंद म्हणजे एक ते सात सावकाश म्हणायला लागेल तेवढा वेळ. काल मी फळ्यावर नावे लिहून तुमच्याकडून झटपट वाचून घेतली, ती उगाच नाही.

पण यंत्रापर्यंत जायला आधी यादीत नाव लागते. इथे मी स्वतःची फजिती सांगतो. तीस वर्षे निवडणुकीच्या ड्युटीवर मी लोकांची नावे शोधून दिली. निवृत्त झालो आणि गावी येऊन राहिलो. आपण आलो म्हणजे आपले नावही मागून येईल, असे मी धरून चाललो. २०१९ साली धुतलेले कपडे घालून केंद्रावर गेलो. नाव नाही. जुन्या गावच्या यादीत होते, इथे नव्हते. केंद्रावर बसलेला पोरगा माझाच विद्यार्थी. खाली मान घालून म्हणाला, "सर, काही करता येत नाही." त्याचे बरोबर होते. अर्ज मी करायला हवा होता. घरी आलो, तर आमच्या मंडळींनी बोटावरची शाई दाखवून विचारले, "तुमची कुठं आहे?"

यादी कोरडी असते, पण वाचून बघा. आपल्या वर्गातल्या आत्याबाईंनी परवा माझ्याजवळ बसून आपल्या वस्तीचे पान वाचले. अक्षराला अक्षर जुळवत गेल्या. एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, ह्या म्हातारीला जाऊन दोन वर्षं झाली. हिचं नाव हाय, अन् माझ्या सुनंचं न्हाई!" सून दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आली आहे. नाव अजून माहेरच्या गावच्या यादीत. काल आत्याबाई तिला घेऊन बीएलओकडे गेल्या आणि अर्ज भरून आल्या. अर्जावर सुनेने सही केली. तिच्यासाठी तो अर्ज आत्याबाईंनीच मोठ्याने वाचला, असे मला बीएलओने सांगितले.

नवे नाव घालायला नमुना ६. जागा बदलली किंवा नाव चुकीचे छापले असेल तर नमुना ८. मेलेल्या माणसाचे नाव काढायला नमुना ७. वयाची अठरा वर्षे पुरी झालेली घरातली पोरे-पोरीही बघा. निवडणूक लागल्यावर धावू नका, तेव्हा गर्दी असते आणि मुदतही लवकर संपते.

आपल्या गावची यादी मी आज आणली आहे. त्या टेबलावर ठेवली आहे. चारचार जण या. पाने फाडू नका, बोट थुंकीने ओले करू नका. चष्मा विसरला असेल त्याने माझा घ्यावा. तात्या, तुम्ही पहिल्यांदा या. तुमचे नाव कुठल्या पानावर आहे ते मी बघितले आहे, पण सांगणार नाही. तुम्हीच शोधा.